दुभंगलेली पाळी : नुसते टाके पुरतील का?

प्रश्न : मुलगी चार वर्षांची आहे. तिच्या उजव्या कानाची पाळी जन्मापासून खालून दुभंगलेली आहे. एक डॉक्टर म्हणतात, सरळ टाके घालून जुळवू. दुसरे झेड-प्लास्टी सुचवतात. फरक काय? आणि कान कधी टोचावेत?

उत्तर : टाके दोघेही घालणारच, पण त्याआधी फटीच्या कडांची कातडी सोलून काढावी लागते. तिथे धड कातडी असते आणि कातडीला कातडी जुळून येत नाही. कडा उघड्या केल्या की पुढची आणि मागची बाजू वेगवेगळी शिवतात.

खरा फरक पडतो तो पाळीच्या खालच्या काठाशी. सरळ रेषेतला व्रण पुढच्या काही महिन्यांत आखडतो आणि काठाला वर ओढतो. पाळीत कूर्चा (कानाच्या वरच्या भागाला ताठ ठेवणारे मऊ हाड) नसते, नुसती चरबी आणि तंतू. ओढ अडवायला काहीच नाही. मग शिवलेल्या जागी पुन्हा खाच दिसू लागते. झेड-प्लास्टीत काठाजवळ दोन छोटे त्रिकोण कापून त्यांची जागा अदलाबदल करतात. कोन ६० अंशांचे असतील तर व्रणाच्या रेषेची लांबी हिशेबाने ७५ टक्क्यांनी वाढते. प्रत्यक्षात तेवढी मिळत नाही, तरी खाच टाळायला पुरते. मात्र त्रिकोणांची टोके फार निमुळती कापली तर रक्त न पोहोचून काळी पडतात. आमचा कौल झेड-प्लास्टीलाच.

आणखी एक गोम : फटीच्या दोन बाजू बहुधा सारख्या नसतात. म्हणून दुसऱ्या कानाशी ताडून पाहून शाईच्या खुणा आधी करायच्या, पाळीत इंजेक्शन नंतर. औषधाने पाळी फुगली की मापे चुकतात.

पाळीचा तुकडाच नसेल, तर कानामागची कातडी वळवून दुमडतात. ती आक्रसते, म्हणून थोडी मोठी घेतात किंवा आत कूर्चेची चकती ठेवतात.

घाई नाही. या वयात पूर्ण भूल लागते. मोठेपणी जागेपुरती पुरते. (नवजात बाळाच्या कानाला लावतात तो साचा इथे निरुपयोगी, तो कूर्चेला वळण देतो, फट सांधत नाही.) टाके साधारण ५ ते ७ दिवसांनी काढतात.

कान किमान सहा महिने टोचू नका, आणि नंतरही व्रणावर नको, बाजूला टोचा. व्रण टणक होऊन खाजू लागला, जखमेबाहेर पसरू लागला, तर केलॉइडची शंका धरून लगेच दाखवा. कानापुढे छिद्र किंवा मांसाचा कोंब असेल, कान लहान असेल, तर शस्त्रक्रियेआधी श्रवणचाचणी करून घ्या.