'अमेरिकेत आरक्षण रद्द' हे बरोबर का?

कॉलेज रोडवरच्या एका अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करणाऱ्या मुलीचा प्रश्न आहे. सराव-उत्तरात तिने लिहिलं, 'अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये विद्यापीठ प्रवेशांतील आरक्षण रद्द केले.' सरांनी 'आरक्षण' खोडून वर 'सकारात्मक कृती' लिहिलं आणि अर्धा गुण कापला. अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शनला, म्हणजे मागे ठेवल्या गेलेल्या समूहांसाठी मुद्दाम उचललेल्या पावलांना, मराठीत नेमकं काय म्हणायचं, असं ती विचारते.

सरांनी खोडलं ते बरोबर. वर लिहिलं ते मला पटत नाही.

आधी 'आरक्षण'. संस्कृतात 'आरक्ष' म्हणजे राखण, पहारा. त्यातल्याच 'रक्ष्' धातूपासून प्राकृतातून घासत घासत आलेलं आपलं 'राखणं'. म्हणजे 'राखीव' आणि 'आरक्षण' ही सख्खी भावंडं. एक गावात राहिलं, दुसरं शिकून मंत्रालयात गेलं. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षं गोडीला आली की बागेत माणूस राखणीला बसतो, पाखरं उठवायला डबा बडवत. राखण कशाची, तर घडांची. घडच नसतील तर तो बसेल कशाला? आरक्षणाचंही तसंच आहे. आधी मोजलेल्या जागा लागतात, मग त्यातल्या काही बाजूला काढता येतात. नाशिकरोडच्या तिकीट खिडकीवरही या शब्दाचा अर्थ हाच, प्रवेशाच्या यादीतही हाच. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी ठेवल्या, तोही जागांचाच हिशेब. आज महाराष्ट्रात अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, इतर मागासवर्ग १९ टक्के असे आकडे आपण बोलतो. आकडा नसला तर आपल्याकडे त्याला कुणी आरक्षण म्हणणारच नाही.

अमेरिकेत असा आकडा एकदा होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या वैद्यकीय महाविद्यालयाने १०० पैकी १६ जागा अल्पसंख्याक समूहांतल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या काढल्या होत्या. हे शंभर टक्के आपल्या अर्थाचं आरक्षण. १९७८ मध्ये बाकी खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते मोडीत काढलं (बाकी हे अर्जदाराचं आडनाव, वजाबाकीतली बाकी नव्हे). पण अर्ज तपासताना इतर गोष्टींबरोबर वंशही एक बाब म्हणून पाहायला मुभा ठेवली. पुढची कित्येक वर्षं चाललं ते हे: जागा मोजलेल्या नाहीत, राखलेल्या नाहीत, फक्त अर्ज वाचताना एक जास्तीचा विचार. २९ जून २०२३ ला हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांच्या खटल्यांत जे गेलं ते एवढंच. तेव्हा 'अमेरिकेत आरक्षण रद्द' हा मथळा चुकीचा नाही म्हणायचं तर ४५ वर्षं शिळा आहे.

आता 'सकारात्मक कृती'. शब्दाला शब्द ठेवला की असं होतं. 'सकारात्मक' हा शब्द हल्ली 'सकारात्मक विचार करा' या चालीवर इतका वापरला गेलाय, की 'सकारात्मक कृती' म्हटल्यावर पहाटे उठून सूर्यनमस्कार घालणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. मूळ शब्दातला 'अफर्मेटिव्ह' हा चांगलं-वाईट सांगणारा नाही. एखादी गोष्ट न करणं हे एक, आणि उठून काहीतरी करणं हे दुसरं. तो या दुसऱ्यासाठी आहे. मार्च १९६१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडींनी काढलेल्या आदेशात सरकारी कंत्राटदारांना हेच सांगितलं होतं. वंश, वर्ण पाहून कुणाला नाकारू नका, आणि तेवढ्यावर थांबूही नका. तसं होणार नाही याची खात्री करायला स्वतःहून पावलं उचला.

नाशिककरांना हा फरक समजायला केनेडींपर्यंत जायची गरज नाही. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्याची मागणी होती, अडवू नका. दार उघडं ठेवणं ही झाली पहिली गोष्ट. ज्याच्या घराण्यात त्या दारापर्यंत कुणी कधी पोचलंच नाही त्याच्यासाठी बाहेर येऊन काही करणं, ही दुसरी. अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन ही दुसरी गोष्ट. आरक्षण हा तिचा एक प्रकार, वसतिगृह दुसरा, शिष्यवृत्ती तिसरा. सुरगाणा-पेठहून शिकायला आलेल्या मुलाला विचारा, वसतिगृहात नंबर लागला नसता तर नुसत्या राखीव जागेचं त्याने काय केलं असतं.

मग लिहायचं काय? पाठ्यपुस्तकांत 'संरक्षणात्मक भेदभाव' असाही एक शब्द भेटतो. त्यात 'भेदभाव' आहे, म्हणजे वाद शब्दातच पेरून ठेवलाय. मला विचाराल तर आपल्या संविधानाच्या मराठी पाठातला शब्द घ्यावा. १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद १५(४) मध्ये 'विशेष तरतूद' आहे. जागा, फी, वसतिगृह सगळं त्याच्या पोटात मावतं, आणि तो कुणाला चिडवत नाही. 'आरक्षण' फक्त जागा मोजलेल्या असतील तिथे. 'सवलत' फी आणि वयोमर्यादेपुरती ठीक. जागेला सवलत म्हटलं की देणाऱ्याने मेहरबानी केल्याचा वास येतो.

प्रश्नात नव्हतं, पण जागेचा विषय निघालाच आहे म्हणून. एमपीएससीच्या जाहिरातीत 'अराखीव' असा एक शब्द असतो. मराठमोळ्या 'राखीव'ला संस्कृत 'अ' चिकटवलेला, दिसायला ओबडधोबड, पण मला आवडतो. तो जागेचं विशेषण आहे: ही जागा कुणासाठीच राखलेली नाही. बोलताना आपण त्याचं 'ओपन' केलं, आणि 'ओपनची जागा'वरून 'ओपनची पोरं' कधी झालं ते कळलंही नाही. विशेषण जागेवरून उठून माणसावर जाऊन बसलं. तिकडे 'कॅटेगरीतला' झाला, इकडे 'ओपनवाला'. एका जाहिरातीवरून गंगापूर रोडच्या चहाच्या टपरीवर मी ऐकलेलं वाक्य: "ओपनच्या जागेवर कॅटेगरीतली कशी काय लागली?" लागली, कारण तिला तेवढे गुण होते आणि जागा अराखीव होती. डिसेंबर २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या पोलीस भरतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला हेच सांगावं लागलं, की खुली जागा सगळ्यांना खुली असते, तो कुणाचा वेगळा कोटा नव्हे. टपरीवरच्या त्या माणसाला मी 'अराखीव' हा शब्द सांगून पाहिला. तो म्हणाला, "म्हणजे ओपनच ना?"

तर उत्तरपत्रिकेत असं लिहा: 'विद्यापीठ प्रवेशांत वंशाचा विचार करणारी विशेष तरतूद न्यायालयाने रद्दबातल ठरवली.' आणि सरांकडून तो अर्धा गुण मागून बघा.