उन्हाळ्यात टोमॅटोचं रंगीत सॅलड करताना पाणी सुटू नये म्हणून बिया काढून टाकाव्यात का?

तुम्ही विचारलंय की, मे महिन्यात घरी वीसेक माणसं जेवायला आहेत, टोमॅटोचं ताजं, रंगीत सॅलड करायचंय, पण दर वेळी पाणी सुटून ताटात तळं होतं. तर बिया काढाव्यात का, मीठ कधी घालावं, आणि सोलापुरात चेरी टोमॅटो नि ऑलिव्ह ऑइल नाही मिळालं तर काय करावं.

बिया काढू नका. मीठ आधी लावा. सुटलेलं पाणी फेकू नका. चेरी टोमॅटोचं मला विचारू नका.

खरं तर इथंच थांबणार होते. पण "बिया काढून टाकाव्यात का" हे वाचलं आणि २०१८ सालचा मे महिना डोळ्यांपुढे आला. आमच्या पुतणीचा साखरपुडा. गच्चीवर मांडव, सत्तर पानं, आणि ऊन असं की सकाळी नऊलाच चपलेशिवाय गच्चीवर पाय ठेवता येईना. स्वयंपाक घरचाच. मसालेभात, भरली वांगी, श्रीखंड-पुरी हे सगळं आमच्या मोठ्या जाऊबाईंकडे. त्यांच्या मसालेभाताला मी आजही नावं ठेवणार नाही. मला म्हणाल्या, "तू काकडीची कोशिंबीर कर, नेहमीची." मी म्हटलं, "ताई, या वेळी टोमॅटोचं करते, रंगीत. पान उठून दिसेल." त्या "बघ बाई" म्हणाल्या. त्यांचं "बघ बाई" म्हणजे काय असतं हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

सकाळी सहाला लक्ष्मी मार्केट गाठलं. मार्केटला दोन तऱ्हेचे टोमॅटो दिसतील. एक लांबट, जाड सालीचा, जो ट्रकमध्ये दोन दिवस आदळला तरी त्याला काही होत नाही. खातानाही काही होत नाही, म्हणजे चवच लागत नाही. दुसरा गोल, चपटा, देठाजवळ घड्या पडलेला, पातळ सालीचा, आंबट गावरान. सॅलडला हाच घ्या. तो संध्याकाळपर्यंत टिकत नाही म्हणून लोक घेत नाहीत. अहो, पण तुम्हाला दुपारीच खायचाय ना?

मी निवडायला बसले तर ज्यांचे खांदे, म्हणजे देठाजवळचा भाग, पिवळे-केशरी राहिलेत असे टोमॅटो वेगळे काढत होते. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "अक्का, ते नका घेऊ, नीट पिकले नाहीत." तेच हवे होते मला. आपल्याकडच्या उन्हात टोमॅटो धड लाल होत नाही याचं कारण साधं आहे. पारा तिशीच्या वर राहिला की लाल रंग देणारं लायकोपीन तयार व्हायचं मंदावतं, पिवळं-केशरी कॅरोटीन मात्र होत राहतं. म्हणजे मोठ्या शहरातल्या मॉलमध्ये डबीत भरून विकतात ते रंगीत टोमॅटो आपल्याकडे उन्हाळ्यात ऊनच करून देतं, फुकट. लाल, केशरी, पिवळसर खांद्यांचे असे सात किलो घेतले, आणि पाव किलो पूर्ण कच्चे हिरवे. हिरव्याच्या अगदी पातळ चकत्या, त्याही मोजक्याच. कचकच लागायला आणि रंगाला. बरोबर दोन कैऱ्या आणि कांद्याची पात.

घरी येऊन विळीवर फोडी केल्या. हे लक्षात ठेवा, कारण निम्मं पाणी इथंच सुटतं. बोथट सुरीनं चिरलं की टोमॅटो कापला जात नाही, चेंगरतो. मग मीठ न घालताच तळं होणार. विळी नसेल तर दात्यांची सुरी घ्या, पण धार हवीच.

फोडी मोठ्या चाळणीत काढल्या, चाळण पातेल्यावर ठेवली, मीठ लावलं. घड्याळ बघितलं, साडेअकरा. मीठ पाणी ओढून काढतं, वीस मिनिटांत बरंचसं सुटतं, फोड जरा आवळते आणि मग ताटात पाझरत बसत नाही. खालचं पाणी मग सॅलडवरच घालायचं असतं, कूट आणि फोडणी घालून. हे सगळं मला ठाऊक होतं. ताईंना सांगायचं राहिलं. मी आंघोळ करून साडी नेसायला गेले.

परत आले तर पातेलं उपडं घालून ठेवलेलं. ताईंनी चाळणीखाली लाल पाणी बघितलं, त्यांना वाटलं टोमॅटो नासले. चांगलं लिटरभर पाणी मोरीत ओतलं. तेव्हा आमच्या सोलापुरात नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी यायचं, इथं बायका तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा कुंडीत घालतात, आणि ते लिटरभर मोरीत. एवढ्यावर भागलं नाही. माझ्या दोन चुलत नणंदांना चमचे घेऊन बसवलं आणि सात किलो टोमॅटोच्या बिया खरवडून काढल्या. त्याही मोरीत. उरली नुसती सालं आणि भिंती. "आता कोरडं झालं बघ," म्हणाल्या. मग चव घेऊन बघितली, अळणी वाटली (लागणारच, चव मोरीतून गेली होती), म्हणून पुन्हा मीठ घातलं. वर साखर. वर झाकण. आणि पातेलं फ्रीजमध्ये.

एक वाजता पंगत बसली. सॅलड पानात पडलं ते थंडगार, खारट, रबरासारखं, आणि तरीही पाणी सुटलेलं. दुसऱ्यांदा मीठ घातलं तर दुसऱ्यांदा सुटणारच की. मुलाकडच्या आजी पहिल्याच घासाला म्हणाल्या, "सोलापुरात मीठ स्वस्त दिसतंय." सगळे हसले. ताई वाढता वाढता म्हणाल्या, "मीठ धाकटीनं लावलंय."

आता यात खोटं काहीच नाही. मीठ मी लावलं होतंच. म्हणूनच मला त्या दिवशी तोंड उघडता आलं नाही, आणि पुढची सगळी वर्षं प्रत्येक लग्नात, बारशात "धाकटीला मीठ नका लावू देऊ" ऐकून घ्यावं लागतंय.

तर बियांचं. ताईंचं म्हणणं दोन प्रकारचं आहे. एक, बियांमुळे पाणी सुटतं. दोन, बियांनी मुतखडा होतो. पहिल्यात थोडं तथ्य आहे, बियांभोवती जो बुळबुळीत रस असतो तो पातळ असतो, तो वाहतोच. पण टोमॅटोची बरीचशी चव त्यातच असते. हे मी म्हणत नाही. २००७ साली इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी टोमॅटोचा बाहेरचा गर आणि आतला बियांचा भाग वेगवेगळा तपासला. ग्लुटामेट आतल्या भागात कितीतरी जास्त निघालं. ग्लुटामेट म्हणजे चायनीजच्या गाडीवर जी पांढरी पूड घालतात, अजिनोमोटो, त्यात चव आणणारं जे असतं ते. टोमॅटोत ते आपसूक असतं, आणि ताईंनी ते चमच्यानं खरवडून काढलं. माझ्या कृषीला शिकणाऱ्या भाच्यानं हे शोधून दिलं तेव्हा मी त्याला दोनदा वाचायला लावलं.

मुतखड्याचं म्हणाल, तर टोमॅटोची बी काही मूत्रपिंडात जाऊन बसत नाही. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि टोमॅटोत ऑक्झलेट पालकाच्या मानानं फारच कमी. आपल्याकडच्या उन्हात खडा होतो तो बहुतेकदा घाम भरपूर आणि पाणी पिणं कमी, यानं. टोमॅटोला दोष देणाऱ्या आमच्या ताई दिवसाला चार वेळा चहा पितात आणि पाणी फक्त गोळीबरोबर.

आता करायचं कसं. अर्धा किलो टोमॅटोला एक लहान सपाट चमचा मीठ, वीस मिनिटं चाळणीत. खाली जे पाणी जमेल त्यात दोन चमचे कैरीचा कीस, चिमूटभर साखर, आणि हिरवी मिरची ठेचून. लिंबू नको, गावरान टोमॅटो आणि कैरी असताना आणखी आंबट कशाला. ऑलिव्ह ऑइलचा विचार सोडा. आपला जिल्हा करडईचा, घाण्यावरचं करडईचं तेल मिळालं तर एक चमचा कच्चं घाला, नाहीतर शेंगदाण्याचं. तेल मात्र घालाच. लायकोपीन तेलात विरघळतं, नुसत्या कोरड्या टोमॅटोतून ते अंगाला नीट लागत नाही. मला हिंग-मोहरीची फोडणी आवडते, पण ती गार करून, गरम फोडणी घातली की फोडी मलूल होतात.

दाण्याचं कूट जाडसर, आणि ते अगदी पानात वाढायच्या क्षणी. आधी घातलं की कूट सगळं पाणी पिऊन फुगतं आणि पिठलं दिसायला लागतं. कुटाऐवजी शेंगाचटणी भुरभुरली तर काय सांगू तुम्हाला, फक्त मग मीठ निम्मं करा, चटणीत असतंच. शेजारच्या तेलुगू काकू वरून कढीपत्ता चुरचुरीत तळून घालतात, तोही छान लागतो.

हिरव्या रंगाला कोथिंबीर सगळेच घालतात. तुमच्या कुंडीत सब्जा असेल तर त्याची कोवळी पानं हातानं तोडून घालून बघा. आपण फालुद्यात ज्याचं बी घालतो तोच सब्जा, आणि इटलीचे लोक टोमॅटोवर जे बेसिल घालतात ते, वनस्पतिशास्त्रात एकाच जातीचे, ओसिमम बॅसिलिकम. वास थोडा वेगळा, आपल्या सब्ज्याचा जास्त उग्र असतो, म्हणून चार-पाचच पानं. डाळिंबाचे दाणे दिसायला सुंदर दिसतात, सोलापूरच्या डाळिंबाला तर भौगोलिक मानांकन आहे, पण मे महिन्यात भाव बघून ठरवा. मी घालत नाही. बीट घालूच नका, पाच मिनिटांत सगळं गुलाबी करतं, मग कसला रंगीत.

फ्रीजचं सांगायचं राहिलं. चिरलेलं सॅलड फ्रीजमध्ये ठेवू नका, आणि शक्यतो अख्खा टोमॅटोही नको. २०१६ साली अमेरिकेत, फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी ५ अंशांवर आठवडाभर ठेवलेले टोमॅटो तपासले. वास देणारी द्रव्यं कमी झाली होती, आणि बाहेर काढून ठेवल्यावरही वास पुरता परत आला नाही. आता तुम्ही म्हणाल, अहो, ४२ अंशांत बाहेर ठेवायचे कसे? बरोबर आहे. पिकलेले असतील तर आमच्या घरात दुपारी त्यांचा लगदाच होतो. म्हणून मी ज्या दिवशी करायचं त्याच दिवशी सकाळी आणते आणि माठाशेजारी ओल्या सुती फडक्यावर पसरून ठेवते. अगदीच अडलं तर एक रात्र फ्रीजमध्ये चालेल, एका रात्रीनं काही जगबुडी होत नाही, फक्त चिरायच्या तासभर आधी बाहेर काढा.

आणि हो, घरात कुणाला रक्तदाब असेल तर मिठाचं माप माझं धरू नका, खाली सुटलेलं पाणीही त्यांच्या पानात वाढू नका, बरंचसं मीठ त्यात उतरतं. मूत्रपिंडाच्या आजारासाठी डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितलं असेल तर टोमॅटोचं त्यांनाच विचारा, मला नाही. बिया ज्यांना पचत नाहीत असेही लोक असतात. त्यांनी खुशाल काढाव्यात, पण स्वतःच्या वाटीतल्या.

गेल्या महिन्यात तीच पुतणी माहेरी आली होती, तेव्हा हे सॅलड केलं. ताईही होत्या. बिया होत्या, पाणी होतं, काही सांगितलं नाही मी. जेवण झाल्यावर ताईंनी वाटी तिरकी करून खालचा रस प्यायला, मी बघितलं. मग म्हणाल्या, "बाकी बरं झालंय, मीठ तेवढं जरा पुढं आहे."

तुमच्या वीस माणसांना अडीच-तीन किलो पुरे होतील. साडेबाराला जेवण असेल तर बाराला मीठ लावा, आणि आंघोळ त्याच्या आधी उरकून घ्या.