शॉवरचा पंप बदलायचा की व्हॉल्व्ह?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अर्ध्या एचपीच्या प्रेशर पंपाचा जोर तीन वर्षांत कमी झाला, शिवाय सगळे नळ बंद असतानाही तो मधूनच सुरू होतो. प्लंबर एक एचपीचा पंप घ्या म्हणतो. पैसे आकस्मिक निधीतून काढावेत की हप्त्यांवर घ्यावा?

सध्या दोन्ही नको. पंपच बिघडलाय हे अजून ठरलेलं नाही, आणि ही दोन लक्षणं एकत्र दिसली की माझा पहिला संशय बायपासवरच्या एनआरव्हीवर असतो. बायपास म्हणजे पंपाला वळसा घालून टाकीचं पाणी थेट घरात नेणारा पाइप, आणि एनआरव्ही म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह. त्यात कचरा अडकला की पंपाने दाबलेलं पाणी बायपासमधून परत सक्शनला, म्हणजे पंपात पाणी शिरतं त्या बाजूला येतं आणि गोल फिरत राहतं. एक एचपीचा पंप तेच पाणी आणखी जोरात फिरवेल, वीज मात्र जवळपास दुप्पट खाईल.

शॉवर उघडा, पंप चालू असताना बायपासचा बॉल व्हॉल्व्ह बंद करा. जोर लगेच वाढला तर दोष एनआरव्हीचा. मग तो व्हॉल्व्ह पुन्हा उघडा, सगळे नळ बंद करा आणि बायपास जिथे जोडलाय त्याच्या पुढचा, घराकडचा व्हॉल्व्ह बंद करा. तरीही पंप मधूनच सुरू झाला तर दाब पंपापाशीच सुटतोय. शांत राहिला तर गळती घरात. आधी फ्लश टँक बघा.

नवा एनआरव्ही पाइपच्याच मापाचा, फ्लॅपचा, म्हणजे आत लोंबती झडप असलेला घ्या, बाण शॉवरच्या दिशेने. स्प्रिंगचा उघडायलाच दाब मागतो, आणि शॉवरपासून दोन मीटर उंच टाकीचा दाब जेमतेम ०.२ बार असतो. फ्लॅपचा मात्र आडव्या पाइपवरच बसवा. पाणी खाली उतरतं त्या उभ्या पाइपवर फ्लॅप स्वतःच्या वजनाने लोंबकळत उघडाच राहतो. ही चूक फार वेळा होते! दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे खोलता येणारे जोड टाका, म्हणजे पुढच्या वेळी पाइप कापावा लागणार नाही. एवढा खर्च महिन्याच्या शिलकीतून निघावा.

पंपाच्या शाफ्टपाशी पाणी ठिबकत असेल तर फक्त सील बदला. वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) जळलं असेल आणि ते भरून घ्यायचा खर्च नव्या पंपाच्या निम्म्यावर जात असेल, तरच नवा घ्या. तोही अर्ध्या एचपीचाच. 'बिनव्याजी' हप्त्यात रोखीची सूट हातची जाते, वर प्रक्रिया शुल्क लागतं, म्हणून दोन-तीन महिने पैसे बाजूला टाकून रोखीने घ्या. तोवर पंप बंद ठेवला तरी बायपासमधून बादली भरतेच, त्यामुळे आकस्मिक निधीला हात लावायचं कारण नाही.