पहिले वर्ष वसतिगृहातच काढावे

नवी मुंबईतील नेरूळ किंवा खारघरच्या महाविद्यालयात बाहेरगावाहून शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी वसतिगृहात खोली मिळत असेल, तर त्याने ती सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मेसच्या जेवणाचा कंटाळा येतो हे खरे. परंतु परीक्षेच्या आदल्या रात्री अडलेले गणित विचारायला शेजारच्या खोलीत कोणीतरी जागे असते, ही सोय पैशांत मोजता येत नाही.

बाहेर राहणे भागच असेल, तर केवळ भाड्याचा आकडा पाहून होकार देऊ नका. अनामत रक्कम, दलाली, वीजबिल आणि डबा हे सारे धरून हिशेब मांडा. करार साधारणपणे ११ महिन्यांचा असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, व नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. दुसऱ्या वर्षी मी वाशीत खोली घेतली, तेव्हा पलंगामागच्या भिंतीला आधीपासूनच ओल होती. घर सोडताना तिच्या रंगकामाचे पैसे माझ्याच अनामतीतून कापले गेले आणि माझ्याजवळ पुरावा नव्हता. म्हणून सामान आत नेण्यापूर्वीच प्रत्येक भिंतीचे, नळाचे आणि वीजमीटरवरील आकड्याचे फोटो काढून घरमालकाला त्याच दिवशी पाठवा.

ठाण्यात जवळचे नातेवाईक असतील, तर त्यांच्याकडे राहून लोकलच्या ट्रान्स हार्बर मार्गाने थेट नेरूळला उतरता येते, हाही पर्याय घरी जरूर बोलून पाहा.