भिंतीवरचे चार फिकट चौकोन

घर, रंग आणि मन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, माझं घर दोन खोल्यांचं, जेमतेम ३५० चौरस फुटांचं. आठ महिन्यांपूर्वी आमचा घटस्फोट झाला. जाताना ते त्यांची चार चित्रं घेऊन गेले आणि त्या जागी भिंतीवर चार फिकट चौकोन राहिले. मी घरूनच काम करते, त्यामुळे दिवसभर मान वर केली की ते चौकोन. आता घर रंगवायला काढतेय. निळा शांत करतो, पिवळा उत्साह देतो असं सगळीकडे वाचलं, म्हणून झोपायची खोली निळी आणि कामाची पिवळीधमक करावी असं मनात आहे. मैत्रिणी म्हणतात, सरसकट फिका राखाडी दे, घर मोठं दिसेल. उदासपणावर नेमका कोणता रंग चालतो?

उत्तर : असं विचारणारं पत्र आलं की मला ती गुलाबी कोठडी आठवते. १९७९ मध्ये अमेरिकेत सिएटलच्या नौदलाच्या तुरुंगात एका कोठडीच्या भिंती गुलाबी रंगवल्या. आत टाकलेले आक्रमक कैदी काही मिनिटांत निवळतात, अशी बातमी झाली आणि तिथल्या दोन अधिकाऱ्यांच्या नावावरून त्या छटेचं ‘बेकर-मिलर पिंक’ असं बारसंही झालं. इतर तुरुंगांनीही कोठड्या गुलाबी केल्या. पुढे काटेकोर चाचण्या झाल्या, तेव्हा तो परिणाम काही हाती लागला नाही. तेव्हा औषधाच्या गोळीसारखा रंग माझ्याकडे नाही. झोप, भूक उडाली असेल तर समुपदेशकाकडे जा. ते काम रंगाच्या डब्यावर टाकू नका.

पण म्हणून रंगाने काही होत नाही असंही नाही. फार होतं. माझीच फजिती सांगते. मी लोकांची घरं सजवायला लागून बारा वर्षं झाली होती, तेव्हा स्वतःची झोपायची खोली निळी केली. शेड कार्डावरचा तो बोटभर तुकडा इतका शहाणा दिसत होता! माझ्या त्या खोलीत थेट ऊन येत नाही, येतो तो आभाळाचा उजेड, आणि तो मुळातच निळसर. निळ्यावर निळा चढला. दुपारी भिंत सिमेंटसारखी दिसायची. संध्याकाळी तर कमालच. उजेड मंदावला की लाल-नारिंगी रंग आधी काळवंडतात आणि निळे त्या मानाने उजळ राहतात. पर्किंजे नावाच्या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच हे टिपून ठेवलंय. माझी आवडती विटकरी चादर दिवेलागणीला काळी ठिक्कर पडायची आणि भिंत तेवढी भुतासारखी पांढुरकी. पाच महिने मी बाहेरच्या खोलीत झोपले आणि घरच्यांना पाठदुखीचं कारण सांगितलं.

तुमच्या पिवळ्याचं दुखणं वेगळं आहे. छोट्या खोलीत चारही भिंती पिवळ्याधमक केल्या की एका भिंतीवरचा उजेड दुसरीवर आपटतो, दर फेरीत आणखी पिवळा होतो. कार्डावर बघितलेला रंग प्रत्यक्षात दुप्पट चढल्यासारखा वाटतो, तुमचा चेहरासुद्धा पिवळा दिसतो. दिवसभर व्हिडिओ कॉलवर असाल तर समोरची माणसं आधी तब्येतीची चौकशी करतील.

म्हणून रंगाचा अर्थ बाजूला ठेवा आणि मला सांगा, कुठल्या वेळी तुम्ही कुठे बसलेल्या असता आणि तिथून काय दिसतं? तुम्ही पत्रातच सांगितलंय : मान वर केली की चौकोन. मग रंगाऱ्याला फोन करण्याआधी टेबल फिरवा. खिडकी तुमच्या बाजूला यायला हवी. अगदी समोर नको, डोळे दिपतात. पाठीशी नको, स्क्रीनवर चकाकी येते. नजर उचलली की बाहेरचं काहीतरी हिरवं, हलणारं दिसलं तर उत्तम. रॉजर उलरिक या संशोधकाने १९८४ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी ताडून पाहिल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरीने थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास लहान आहे, मान्य. पण टेबल फिरवायला काही लागत नाही, आणि तुमच्यासमोर सध्या विटांच्या भिंतीहून वाईट काहीतरी आहे.

आता रंग. दोन फूट बाय दोन फुटांचे तीन पुठ्ठे घ्या, कडेला दोन बोटं पांढरी पट्टी सोडा, म्हणजे आताच्या भिंतीचा रंग नजरेला फसवणार नाही. प्रत्येकावर एकेका छटेचे दोन हात मारा. भिंतीवरच थेट नमुने मारू नका. तीन ठिगळं शेजारी शेजारी आली की तुम्ही त्यातला कमी वाईट निवडता. पुठ्ठे फिरवता येतात. सकाळी टेबलापाशी, दुपारी ज्या भिंतीत खिडकी आहे त्या भिंतीला (तिथे उजेड सगळ्यात कमी पोचतो, रंगाचं खरं तिथे कळतं), रात्री दिव्याखाली. आठवडाभर करा. कुठल्या पुठ्ठ्याकडे बघायचं तुम्ही विसरून गेलात, तो बाजूला काढा. माझा कल तोच रंग घेण्याकडे असतो.

आणि दिवे! लोक रंगावर महिनाभर वाद घालतात आणि मग ६५०० केल्विनचा पांढराफटक बल्ब लावतात (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप, आकडा लहान तेवढा उजेड पिवळसर). झोपायच्या खोलीत २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर, कामाच्या टेबलावर ४००० च्या आसपास. खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरापैकी आकडा, लिहिलेला असेल तर ९० किंवा जास्त बघा. सीआरआय कमी असलेल्या दिव्याखाली लाल रंग आणि माणसाची कातडी दोन्ही मेल्यासारखी दिसतात.

छटा विचारता म्हणून माझं मत : दोन्ही खोल्यांना एकच, थोडा मातकट, मध्यम रंग. ओल्या वाळूचा, किंवा सुकलेल्या पानाचा. सरसकट फिका राखाडी मी तुम्हाला देणार नाही. कमी उजेडात त्याचं तेच होईल जे माझ्या निळ्याचं झालं. निळा इतकाच हवा असेल तर तो भिंतीऐवजी उशीच्या अभ्र्यावर आणा, कंटाळा आला तर धुवायला टाका.

चौकोनांचं म्हणाल तर ते फिकट नाहीत, आजूबाजूची भिंत मळली आहे. फ्रेमखाली धूळ आणि ऊन पोचलं नाही, एवढंच. आधी भिंत पुसून घ्या. खिळ्यांची भोकं पुट्टीने बुजवली की त्यावर प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, मारायला लावा. रंगारी ही पायरी हटकून गाळतात. कोरडी पुट्टी रंग शोषून घेते आणि तिरक्या उन्हात चार मंद डाग पुन्हा डोळे वटारतात. तुमच्या घरात तर ते नकोतच.

त्या चार जागी लगेच दुसरी चार चित्रं लावू नका. भिंत काही दिवस मोकळी राहू द्या. मग एकच चित्र घ्या, आणि ते तुम्ही बसता तिथून दिसेल असं, बसलेल्या नजरेच्या पातळीला लावा. संग्रहालयांत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटिमीटरवर ठेवतात, कारण तिथे माणसं उभी असतात. घरात आपण बसतो, लोळतो. बहुतेक घरांतली चित्रं छताला टेकणाऱ्या माणसांसाठी लावल्यासारखी असतात. आणि चित्र निवडताना सोफ्याशी जुळतं का हे बघू नका. दोन मिनिटं त्याच्यासमोर थांबावंसं वाटलं का, तेवढं बघा.

प्रश्न : खोली लहान, तर पांढराच रंग हवा ना?

उत्तर : उजेड भरपूर असेल तर हो. अंधाऱ्या खोलीतला पांढरा मात्र कोपऱ्याकोपऱ्यांत करडा होऊन बसतो आणि भिंत कायम मळल्यासारखी वाटते. तिथे मी सरळ गडद रंग देते. अंधाराशी भांडण्यापेक्षा त्याला पाहुणा करून घेतलेला बरा. खोली मोठी भासवायची खरी युक्ती वेगळीच आहे : दार, चौकट, खालची पट्टी, सगळं भिंतीच्याच रंगात. नजर अडखळायला कडा उरत नाहीत.

प्रश्न : मूळ चित्रं परवडत नाहीत. छापील प्रती लावणं कमीपणाचं आहे का?

उत्तर : छे. फक्त थेट उन्हासमोर लावू नका आणि छापून घेताना पिगमेंट शाई मागा, साधी डाय शाई लवकर उडते. उडण्यावरून आठवलं. डच चित्रकार व्हॅन गॉगने १८८८ मध्ये फ्रान्समधल्या आर्ल गावातल्या स्वतःच्या झोपायच्या खोलीचं चित्र काढलं. आपल्याला माहीत असलेल्या त्या चित्रात भिंती फिक्या निळ्या आहेत. त्याने मात्र भावाला लिहिलेल्या पत्रात भिंती फिक्या जांभळ्या म्हटल्यात. जांभळ्यातला लाल काळाच्या ओघात उडाला, निळा मागे राहिला. त्या चित्राकडे बघून डोक्याला विसावा मिळावा, असंही त्याने लिहिलं होतं. तुमच्या प्रतीतलं काही उडालं तर फार मनाला लावून घेऊ नका.

प्रश्न : वडील ७९ वर्षांचे आहेत, विसराळूपणा वाढलाय, डॉक्टरांनी डिमेन्शियाची सुरुवात सांगितलीय. पुढच्या महिन्यात ते आमच्याकडे राहायला येतील. आमचं घर लहान आणि सगळं पांढरं-बदामी आहे. त्यांना प्रसन्न वाटावं म्हणून काय करू?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. प्रसन्नतेचं नंतर बघू, आधी त्यांना घर दिसायला हवं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं. निळा, हिरवा, जांभळा यांतला फरक पुसट होतो. बदामी भिंत, बदामी दार आणि पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड म्हणजे त्यांच्यासाठी धुकंच. संडासाचं दार ठळक रंगाचं करा, कमोडची सीट गडद आणा, आधाराचा दांडा भिंतीहून वेगळ्या रंगाचा बसवा. रात्री जाग आली की पलंगावरून ते दार दिसलं पाहिजे. दिवसा दार उघडंच ठेवलंत तरी चालेल.

काळं पायपुसणं आजच उचला. डिमेन्शियात काळा चौकोन खड्ड्यासारखा दिसू शकतो. माणूस उंबऱ्याशी थबकतो आणि आपल्याला तो हट्ट वाटतो. चकाकणारी फरशी ओली भासते. ठिपक्यांच्या चादरीवर ते काहीतरी वेचत बसले तर चादर एकरंगी करा. आरशातल्या माणसाला बघून दचकायला लागले तर आरसा झाका, वाद घालू नका.

चित्रं म्हणून त्यांचे तरुणपणचे फोटो लावा, पण मोठे करून आणि चकाकी न येणाऱ्या काचेत. तुमच्या लग्नाचा नको, त्यांच्या कामाच्या ठिकाणचा, सायकलवरचा. त्यांच्या दारावरचा फोटो आणि नाव खाली, चारेक फुटांवर लावा, कारण वाकून चालणारा माणूस वर बघत नाही. आणि येताना त्यांची जुनी खुर्ची घेऊन या. कापड फाटलेलं असेल, रंग तुमच्या घराशी अजिबात जाणार नाही. बदलू नका, ती खिडकीपाशी ठेवा.