जीवशास्त्राच्या प्रयोगाला चिप बनवणारी क्लीनरूम कशाला लागते?

पेशी किती लहान असते ते आधी बघा. माणसाची तांबडी रक्तपेशी साधारण ७-८ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तिला एकेकटी पकडायची किंवा रांगेत चालवायची तर तेवढ्याच मापाची नाली हवी, आणि हवेतला धुळीचा एक कणही ती नाली बुजवू शकतो. म्हणून क्लीनरूम, म्हणजे हवेतली धूळ गाळून काढलेली खोली.

तिथे सिलिकॉनच्या चकतीवर एसयू-८ नावाचा प्रकाशसंवेदी थर पसरतात, नालीच्या नकाशाचा मास्क ठेवून अतिनील प्रकाश टाकतात आणि थराचा प्रकाश न पडलेला भाग धुऊन काढतात. उरतो तो साचा. (खोलीत पिवळे दिवे असतात, कारण निळ्या-जांभळ्या प्रकाशाने थर आधीच खराब होतो.) साच्यावर पीडीएमएस हे पारदर्शक रबर ओतून, बुडबुडे काढून, ओव्हनमध्ये घट्ट करायचं. मग सोलून ऑक्सिजन प्लाझ्मा (विजेने भारलेला ऑक्सिजन वायू) देऊन काचेवर चिकटवायचं. यातून सूक्ष्मदर्शकाला आरपार दिसतं आणि ऑक्सिजनही झिरपतो, त्यामुळे पेशी जगतात. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही: क्लीनरूम फक्त साच्यापुरती लागते. त्याच साच्यातून पुढे पीडीएमएसच्या कितीतरी नालीवाल्या चिप साध्या टेबलावर ओतता येतात.

प्रकाशिकीत माप आणखी बारीक. वेव्हगाइड (प्रकाश वाहून नेणारी पट्टी), ग्रेटिंग (प्रकाश वळवणाऱ्या समांतर रेषांची जाळी) यांच्या रेषा काहीशे नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग), तिथे बहुधा इलेक्ट्रॉन बीम लिथोग्राफी, म्हणजे प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनच्या झोताने नक्षी काढणं, लागते.

तुमच्या कॉलेजात हे नसेल तर अडू नका. आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या आयआयएससीमधल्या सुविधा केंद्र सरकारच्या आयएनयूपी (इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्रॅम) कार्यक्रमातून बाहेरच्या संशोधकांनाही वापरता येतात. अर्ज करण्याआधी नालीची रुंदी आणि खोली मात्र पक्की ठरवा.