फसलेल्या क्रोशाच्या दोऱ्याचं काय करायचं

ताई, क्रोशाच्या दोऱ्याच्या तुमच्या लाल-पांढऱ्या बारा गुंड्यांबद्दल वाचलं आणि 2016 सालचा मे महिना आठवला. सुईच्या टोकाशी पीळ सुटतो, मध्येच गाठी लागतात, लाल रंग बोटांना लागतो आणि दुकानदार परत घेत नाही, असं तुम्ही लिहिलंय. हे सगळं माझ्या बाबतीत जसंच्या तसं घडलंय. सुई कुठली, टाके कसे, हे तुम्हाला येतंच, ते सोडून देते.

भाचीच्या रुखवतासाठी पांढरा टेबलक्लॉथ आणि त्याला लाल झालर, असा बेत होता. लाल गुंड्या दादरला स्वस्तात मिळाल्या. मुलुंड ते सीएसटी, जाता-येता लेडीज डब्यात बसून तीन महिने विणलं. पहिल्याच गुंडीला दोऱ्याचे पदर सुटत होते. तेव्हाच थांबायला हवं होतं, पण पैसे घातलेत तर वापरून टाकू, असं मनाने घेतलं. खरी चूक त्याहून मोठी होती. चार बोटांचा नमुना विणून, पांढऱ्या फडक्यावर ठेवून, धुऊन बघितला नाही. लग्नाला आठवडा असताना खळ देण्याआधी पूर्ण टेबलक्लॉथ पाण्यात बुडवला आणि लाल रंग पांढऱ्यात हातभर आत शिरला.

मग शेजारणींनी सांगितलं म्हणून मीठ घातलं, व्हिनेगर घातलं. काही झालं नाही. व्हिनेगर लोकर आणि रेशमाच्या काही रंगांना उपयोगी पडतं, सुती धाग्याला नाही. मीठ रंगवताना वापरतात, रंग धाग्यात जावा म्हणून. एकदा कच्चा राहिलेला रंग घरच्या मिठाने पक्का होत नाही. कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी वेळ घालवू नका.

दुकानात गेले तर म्हणाले, गुंडी उघडली की आमची जबाबदारी संपली, कंपनीत विचारा. कंपनीत फोन केला तर लेबल मागितलं, लॉट नंबर मागितला. लेबलं मी केव्हाच फेकली होती. पिशवीच्या तळाशी एक सापडलं, ते पाठवलं, त्यावर उत्तरच नाही. तीन अर्ध्या दिवसांच्या रजा गेल्या. त्याचा राग अजून आहे. म्हणून कळकळीने सांगते, गुंडी संपेपर्यंत लेबल आणि बिल जपून ठेवा. तुमची खरेदी ताजी असेल, तर ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवा. मला तेव्हा हे सुचलं नाही.

आता उरलेल्या दोऱ्याचं. माझं स्पष्ट मत आहे की त्याचं देण्यासारखं काही करू नका. तोरण नको, बाळाचं टोपडं तर मुळीच नको. जिथे खरखरीतपणा चालतो आणि रंगाला पांढरा शेजारी नसतो, तिथे वापरा. मी लाल दोऱ्याचे तीन पदर एकत्र घेऊन, जाड सुईने कुंडीची शिंकी विणली. तीन पदर एकदम उचलले की एखादा सुटला तरी टाका बिघडत नाही. हलकी प्लास्टिकची कुंडीच ठेवा आणि गॅलरीत टांगा, कारण पाणी घातलं की लाल थेंब खाली पडतात, भिंत खराब होते. सुती दोरा ऊन-पावसात कमजोर होतो, म्हणून डोक्यावर येईल अशा जागी नको. कांदा-लसणाची जाळीची पिशवी लालमध्येही छान होते, कोरडीच असते. पावसाळ्यात कांदे हवेशीर राहतात, हा मोठाच फायदा.

तुमच्या पांढऱ्या गुंड्याही खरखरीत आहेत ना? त्यांच्या साबणाच्या जाळ्या करा. आपल्याकडे जुलैत साबणाचा नुसता चिखल होतो, जाळीत घालून नळाला टांगला तर निथळतो. भाज्या घासायचे चौकोनही करा, बटाटे, गाजरं चांगली स्वच्छ होतात. आधी उकळत्या पाण्यातून काढा म्हणजे कडकपणा थोडा उतरेल. मी काही कापडउद्योगातली जाणकार नाही, घरात जे चाललं तेवढंच सांगतेय.

एक सावधगिरी मात्र घ्या. लेबलवर कॉटन लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. छोटा तुकडा चिमट्यात धरून, बेसिनजवळ जाळून बघा. सुती असेल तर कागदासारखा वास येतो आणि मऊ राख होते. काळा कडक मणी झाला तर त्यात कृत्रिम धागा आहे. त्याचं गरम भांडं धरायचं फडकं कधीच करू नका, वितळून हाताला चिकटतं.

माझ्या टेबलक्लॉथची झालर मी उसवली, त्याच दोऱ्याची शिंकी झाली. पांढरा भाग गुलाबी डागांसकट कपाटात आहे. तुमच्याकडे लाल किती ग्रॅम उरलाय ते कळवा, एका शिंक्याला मला 20 ग्रॅमच्या चार गुंड्या लागल्या होत्या. टाक्यांची मोजणी वहीत आहे, ती लिहून देते.